तेवीस कामांचा माणूस

"भाऊसाहेब, मी आता कोणाचा?"

प्रश्न विचारून वस्ताद दारातच उभा राहिला. चिमट्याने वजन उचलावे तसा हातातला कागद त्याने दोन बोटांनी कोपऱ्यात धरला होता. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. सव्वीस वर्षे ते या वजनकाट्यांच्या कारखान्यात कारकुनी करत होते. कोणी रजा मागायला येई, कोणी दाखला, कोणी नुसतेच दाराशी टेकून हवापाण्याचे बोले. असा प्रश्न मात्र त्यांच्या टेबलापाशी आजवर कोणी आणला नव्हता.

"बसा आधी," ते म्हणाले. "कोणाचा म्हणजे?"

"म्हणजे इथं लिहिलंय, की मी बायकोचा होतो आणि आता नाही. मग कोणाचा, ते पुढं काही लिहिलं नाही."

भाऊसाहेबांनी कागद घेतला. परवाना कार्यालयाचा होता. सात वर्षांपूर्वी वस्ताद या देशात आला तो बायकोच्या मागून. ती नर्स, तिला इथल्या हॉस्पिटलने बोलावले होते, परवाना तिचा होता, आणि त्याच्या परवान्यावर एकच शब्द होता, 'आश्रित'. मागच्या महिन्यात कोर्टाने दोघांना रीतसर वेगळे केले. कार्यालयाने आता कळवले होते, की ज्या नात्याच्या आधारावर आपले वास्तव्य होते ते संपुष्टात आले आहे. पंचेचाळीस दिवसांत स्वतःच्या नोकरीच्या आधारावर अर्ज करावा, अन्यथा देश सोडावा.

भाऊसाहेबांनी वरची तारीख पाहिली. मग भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. मग पुन्हा तारीख.

"वस्ताद, ह्याला सतरा दिवस झाले. इतके दिवस कुठं होता हा?"

"खिशात. मला वाटलं, घटस्फोटाचाच आणखी एक कागद असेल. त्याचे इतके आले, की मी वाचायचंच सोडलं होतं."

"भांडण वगैरे..."

"नाही हो. भांडायला तरी काहीतरी लागतं." तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "दोघंही माणसं चांगली आहोत. घर मात्र काही केल्या तोलात येईना."

भाऊसाहेबांनी कागदाची घडी सरळ केली. त्यांचे स्वतःचे लग्न झाले नव्हते. थोरली बहीण, आक्का, आणि ते, असे दोघांचे घर होते. ते तोलात होते की त्या पारड्यांत कधी काही पडलेच नव्हते, हा विचार त्यांना अधूनमधून चाटून जाई, आणि ते तो घाईघाईने दूर सारत.

अठ्ठावीस दिवस उरले होते.

कारखान्याच्या मालकीणबाईंना सगळे नुसतेच बाई म्हणत. वडिलांनी उभा केलेला हा कारखाना त्यांनी आपल्या आवाजावर चालवला होता. भाऊसाहेबांनी त्यांना कागद वाचून दाखवला तेव्हा त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"वस्तादला घालवणार? मग काटे कोण जुळवणार, तो कार्यालयातला साहेब? मॅनेजर करून टाका त्याला. बघू मग कोण हात लावतो."

"बाई, मॅनेजर केलं तर मॅनेजरची पदवी दाखवा म्हणतील."

"पदवी काय चाटायचीय? बरं, मग काय लागतं?"

"आपलं पत्र लागतं. ह्याला कुठल्या कामाला ठेवलाय, आणि त्याच्यावाचून आपलं काय अडतं, ते."

"मग लिहा की. सव्वीस वर्षं रजेचे अर्ज खरडताय, एकदा तरी लेखणी झिजवण्यासारखं लिहा. वकील बघा, भरपगारी सुट्टी लागली तर द्या, लागेल ते करा. आणि हातचं काही राखू नका. माणूस आहे तसा कागदावर उतरला पाहिजे."

ही शेवटची सूचना भाऊसाहेबांनी शिरसावंद्य मानली. तिथेच चूक झाली. पण ते त्यांना फार पुढे उमगले. आणि तेव्हाही ती चूकच होती की काय, हे त्यांना ठामपणे सांगता आले नसते.

दोन दिवस ते वही घेऊन वस्तादच्या मागे हिंडले. इतकी वर्षे ते या कारखान्यात होते, पण त्यांचा कारखाना म्हणजे एक टेबल, दोन कपाटे आणि एक खिडकी. आता प्रथमच त्यांनी पाहिले, की तराजूच्या दांडीखाली पोलादाची एक धार असते आणि साऱ्या काट्याचा खरेपणा त्या धारेवर उभा असतो. पितळी वजनाच्या पोटात एक लहानशी पोकळी असते. वजन झिजले की तीत शिशाचा कण घालून ते पुन्हा पुरे करतात. प्रमाणवजनांना उघड्या बोटाने कोणी शिवत नाही, कारण बोटाच्या घामालाही भार असतो. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत सर्वांत नाजूक काटा होता. तिथे काम चालू असले की दारावर लाल दिवा लागे, आणि तो विझेपर्यंत ते दार बाईंनीही उघडायचे नसे. उघडलेच तर तेवढ्या वाऱ्याने पारडे हले, आणि तासाभराचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागे.

या सगळ्यात वस्ताद सगळीकडे होता. तो धारा घासे, वजने पुरी करी, नवीन पोरींना चिमटा धरायला शिकवी. औषधवाला तक्रार घेऊन आला की बाई त्यालाच पुढे करीत. इलेक्ट्रॉनिक काटा रुसला की तो पाठीमागचे झाकण काढून बसे. गाडी तोच चालवी, किल्ल्या त्याच्याच कमरेला असत. आणि दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलच्या प्रसूतिगृहात जाऊन तो बाळांचा काटा जागेवर तपासून येई.

"त्या फेरीला बघा," शेजारच्या टेबलावरचा, काटे जुळवणारा जुळारी म्हणाला. हा अंगाने ताडमाड, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. "त्या दिवशी वस्ताद इस्त्रीचा शर्ट घालतात. तान्ह्या बाळांवर छाप पाडायची असते."

"तुझ्यासारखं तेलकट जाऊन भागत नाही तिथं," वस्ताद मान वर न करता म्हणाला.

"मी येऊ एकदा तुमच्याबरोबर?" भाऊसाहेबांनी विचारले. "म्हणजे पत्रात नीट लिहिता येईल."

"नको. तिथं मी एकटाच जातो." मग जरा थांबून त्याने पुस्ती जोडली, "जागा लहान आहे."

भाऊसाहेबांनी वहीत लिहिले: तिमाही तपासणी, प्रसूतिगृह, एकट्याने.

मोजली तेव्हा कामे तेवीस भरली. त्या तेवीस कामांचे त्यांनी साडेतीन पानांचे पत्र केले. घरी जेवणाच्या टेबलावर ते लिहिताना आक्का दोनदा डोकावून गेल्या.

"काय लिहितोस एवढं? कोणाला पत्रबित्र की काय, या वयात?"

"ऑफिसचं आहे."

"ऑफिसच्या पत्राला कोणी असं ओठ हलवून वाचून बघत नाही," आक्का म्हणाल्या.

खरेच, ते ओठ हलवून वाचत होते. एकेका वाक्याचा तोल पाहत होते. 'हा कामगार कारखान्यात नाही असा एकही कोपरा आम्हांस दाखवता येणार नाही,' हे वाक्य जमले तेव्हा त्यांना लहानपणी शाळेत निबंधाला शाबासकी मिळाली होती त्या दिवसासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बाईंच्या पुढ्यात वाचले. बाईंनी सही अशी ठोकली, की पेनाचे टोक खालच्या कागदावर उमटले. वस्ताद मात्र ऐकताना खाली पाहत होता.

"आवडलं नाही का?" भाऊसाहेबांनी विचारले.

"चांगलं आहे. पण हा माणूस कोण, तेच मला कळेना," तो म्हणाला. "मला कोणी असं सलग कधी वाचलं नव्हतं."

परवाना कार्यालयात दोघे बरोबर गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर आकडा दाखवणारी पेटी, आणि काचेच्या खिडकीआड एक तरुण मुलगी. तिने पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. भाऊसाहेब तिच्या चेहऱ्याकडे, निकाल लागायच्या दिवशी पाहावे तसे पाहत होते.

"काका," ती अखेर म्हणाली, "हा एकच माणूस आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे यात मला जुळारी दिसतोय, शिक्षक दिसतोय, ड्रायव्हर, विक्रेता आणि तपासनीसही. आमच्या यादीत एका अर्जाला एकच पद असतं. जुळारी बसतो. पण शिकवणारा म्हटला की पर्यवेक्षक झाला, त्याला पदविका लागते. बाहेर जाऊन काटे तपासणारा म्हटला की तपासनीस, त्याला वेगळा दाखला. हे पत्र मी पुढं पाठवलं तर ते तिथंच पडेल."

"पण हे सगळं हे करतात. सात वर्षं करताहेत."

"ते चालत होतं. आश्रित म्हणून होते ना? त्या परवान्यावर कुठलंही काम करता येतं. स्वतःच्या परवान्यावर मात्र त्यावर लिहिलेलं एकच काम."

वस्ताद पहिल्यांदाच बोलला. "म्हणजे मी बायकोचा होतो तेव्हा मला सगळं करायची मुभा होती. आणि आता स्वतःचा झालो की एकच?"

मुलीने क्षणभर विचार केला. तिलाही हे असे कोणी विचारले नसावे. "नियम तसा आहे," ती म्हणाली, आणि मग आवाज जरा खाली आणून, "काका, पत्र छान लिहिलंय हो. पण लहान करून आणा."

परतताना दोघे बसथांब्यावर उभे होते. एक बस आली आणि गेली. तीच आपली होती, हे ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर दोघांच्या एकदमच ध्यानात आले.

वकिलाला फोन केला तेव्हा तोही तेच म्हणाला, फक्त जास्त वेगाने. "भाऊसाहेब, कौतुक शोकसभेत करायचं असतं, अर्जात नाही. पद जुळारी, कामं तीन-चार, तीही टेबलावरची. आणि नुसतं लिहून भागणार नाही. उद्या तपासणीला कोणी आलं आणि हा गाडी चालवताना सापडला, तर त्याचाही परवाना गेला आणि तुमचंही नाव गेलं. जे लिहाल तेवढंच करू द्या. दोन वर्षं कळ काढा, मग तपासनिसाच्या दाखल्याला बसवू."

बाईंनी हे ऐकून टेबलावर हात आपटला. "माणूस ठेवायचा, तर आधी तो कापायचा? भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली." मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काढा पेन्सिल."

काढली. बाईंच्याच खोलीत वस्तादला समोर बसवून भाऊसाहेब एकेक ओळ वाचू लागले. ज्या ओळीवर कोणी बोलत नसे तिच्यावर ते रेघ ओढत. शिकवणे गेले. किल्ल्या गेल्या. गाडी, गिऱ्हाईक, इलेक्ट्रॉनिक काटे, सगळे गेले. आपण कागद खोडतो आहोत की आणखी काही, याचा भाऊसाहेबांच्या मनात घोळ होऊ लागला. मदत म्हणून धरलेली पेन्सिल एवढी जड का व्हावी, तेही त्यांना उमगेना. टेबलावर उजव्या हाताला वस्तादची जुनी फाईल उघडी पडली होती.

"तिमाही तपासणी, प्रसूतिगृह," त्यांनी वाचले.

वस्तादने मान वर केली. "हॉस्पिटलची फेरी पण?"

"बाहेर जाऊन तपासणं म्हणजे तपासनीस. ती मुलगी म्हणाली ना."

"तीन महिन्यांतून एकदाच असते. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटं तर दहा मिनिटं," बाई म्हणाल्या. "एवढ्यावरून घोडं अडायला नको. लंबू जाईल, तो इथलाच, त्याला परवाना लागत नाही."

वस्तादने पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिले. "बरोबर आहे," तो म्हणाला. "खोडा."

भाऊसाहेबांनी खोडले.

शेवटी चार ओळी उरल्या. धारा घासणे, वजने पुरी करणे, दांडी समतोल करणे, नाजूक काट्यावर पडताळणी करणे. त्या चार ओळींचे पत्र टाइप करताना भाऊसाहेबांना एकाही शब्दासाठी थांबावे लागले नाही. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर, का कोण जाणे, त्यांनी कपाटातून स्वतःची फाईल काढली. त्यांचे नेमणूकपत्र दोन ओळींचे होते: कारकून म्हणून नेमण्यात येत आहे, कार्यालयीन पत्रव्यवहार पाहावा. सव्वीस वर्षांत त्यात कोणी काही वाढवले नव्हते, आणि खोडण्याचीही कोणाला गरज भासली नव्हती. त्यांनी फाईल होती तिथे परत ठेवली.

परवाना बेचाळिसाव्या दिवशी आला. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. लंबूने वस्तादला उचलायचा प्रयत्न केला आणि स्वतःचीच कंबर धरून बसला. सगळे हसले, वस्तादही हसला. परवान्यावर आता 'आश्रित' हा शब्द नव्हता. 'जुळारी' होता. वस्तादने तो दिव्याखाली धरला, पाठीमागून पाहिला, आणि मग कमरेच्या किल्ल्या सोडून बाईंच्या टेबलावर ठेवल्या.

"आजच कशाला," बाई म्हणाल्या.

"तारीख आजची आहे," तो म्हणाला.

मग दिवस सुरू झाले. पलीकडच्या टेबलावरची नवीन पोरगी चिमटा चुकीचा धरी, वस्तादचा हात त्या दिशेने निघे आणि वाटेतून परत येऊन मांडीवर पडे. औषधवाला हाका मारी, "अहो वस्ताद, जरा बघता का?" आणि तो हसून म्हणे, "मी फक्त जुळारी आहे आता, साहेब. बाईंना विचारा." औषधवाल्याला ती थट्टा वाटे. चालता चालता वस्ताद आपल्या टेबलापाशीच थबके, जणू जमिनीवर कोणी खडूने रेघ मारली होती. कोणी विचारले तर म्हणे, "बरं आहे. काम कमी झालं." ते त्याला खरेच बरे वाटत होते की काय, हे भाऊसाहेबांना त्याच्या आवाजावरून ठरवता येईना. रोज सकाळी ते मनाशी म्हणत, माणूस इथे राहिला, हे महत्त्वाचे. आणि रोज संध्याकाळी त्यांना वाटे, जो राहिला तो तोच आहे का?

तिमाही फेरीचा दिवस उजाडला. त्या सकाळी वस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याचे त्याच्याच लक्षात आले असावे, कारण त्याने आल्या आल्या वरून कामाचा डगला चढवला आणि गळ्यापर्यंत बटणे लावली. लंबू गाडीची किल्ली बोटावर फिरवत गेला आणि तासाभरात परतही आला. भाऊसाहेब तेव्हा नोंदवही घेऊन कारखान्यातच उभे होते.

"किती फरक होता?" वस्तादने विचारले.

"फरक कसला? एक ग्रॅम. तोही धड नाही. अहो, तो काटा बिघडतच नाही. तुम्ही उगाच दर तीन महिन्यांनी खेटे घालत होता. मी सांगून आलो, आता सहा महिन्यांनी येतो."

वस्तादने घासत असलेली धार खाली ठेवली. "कोणाला सांगितलंस?"

"तिथल्या नर्सबाईंना. बाळ घेऊनच उभ्या होत्या, काटा मोकळा व्हायची वाट बघत. विचारत होत्या, नेहमीचे ते का नाही आले म्हणून. मी म्हटलं, त्यांना स्वतःचा परवाना मिळाला, आता ते बाहेर येत नाहीत."

"मग?"

"मग काय. म्हणाल्या, बरं झालं." लंबू हात पुसू लागला. "जरा थांबल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, बरं झालं. काही निरोप होता का?"

"नाही," वस्ताद म्हणाला. "बरोबर सांगितलंस तू. सहा महिने पुष्कळ झाले."

तो उठला, काचेच्या खोलीत गेला, आणि त्याने दार लावून घेतले.

भाऊसाहेब आपल्या टेबलापाशी आले. त्यांनी वस्तादची जुनी फाईल काढली. पहिल्याच पानावर, सात वर्षांपूर्वी, त्यांनी स्वतःच्या हाताने तो रकाना भरला होता: पत्नीचा व्यवसाय, परिचारिका, कामाचे ठिकाण, प्रसूतिगृह, आणि खाली हॉस्पिटलचे नाव. पेन्सिलीने खोडताना हेच पान त्यांच्या उजव्या हाताला उघडे होते. त्यांनी ते पाहिले नव्हते असेही नाही. डोळ्यांनी पाहिले होते.

फाईल हातात घेऊनच ते परत निघाले. वकिलाला विचारू, बाईंशी बोलू, एक ओळ वाढवता येते का पाहू, असे बरेच काही त्यांच्या डोक्यात एकमेकांच्या पायात येत होते. ते काचेच्या दारापाशी पोचले. वर लाल दिवा लागलेला होता.

त्यांचा हात मुठीवरून खाली आला. सव्वीस वर्षांत दिवा लागला असताना ते दार कोणी उघडले नव्हते.

आत वस्ताद पाठमोरा बसला होता. प्रमाणवजनांची पेटी बंद होती, चिमटा तिच्यावर आडवा ठेवलेला होता. काट्याच्या दोन्ही पारड्यांत काहीही नव्हते. मधला काटा अगदी थोडा डावीकडे जाई, अगदी थोडा उजवीकडे येई. आणि तो स्थिर होण्याची वाट पाहत वस्ताद श्वास धरून बसला होता. दाराबाहेर, फाईल छातीशी धरून, भाऊसाहेबांनीही नकळत आपला श्वास धरला.